नटाला वंश नसतो, असे म्हणणाऱ्यांना

२०२५ च्या उन्हाळ्यात ब्रॉडवेवर एका यंत्रमानवावरून वाद पेटला. ‘मेबी हॅपी एंडिंग’ ही कोरियात जन्मलेली संगीतिका. सोल शहरातल्या एका इमारतीत मोडीत निघालेले दोन मदतनीस यंत्रमानव राहतात, एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि जेजू बेटाकडे निघतात, अशी तिची गोष्ट. जूनमध्ये तिला सर्वोत्कृष्ट संगीतिकेच्या मानासह सहा टोनी पारितोषिके मिळाली. ऑलिव्हर या यंत्रमानवाची भूमिका करणारा डॅरेन क्रिस हा फिलिपिनो आईचा मुलगा. संगीतिकेतील प्रमुख नटाचे टोनी मिळवणारा तो पहिला आशियाई अमेरिकन ठरला. पुढच्याच महिन्यात जाहीर झाले की क्रिस काही आठवडे रजेवर जाणार आणि त्याच्या जागी अँड्र्यू बार्थ फेल्डमन हा गोरा नट उभा राहणार. आशियाई अमेरिकन कलावंतांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यावर ठेवणीतला प्रश्न आलाच: यंत्रमानवाला कसला आलाय वंश?

या प्रश्नामागचा पूर्वपक्ष आधी नीट मांडून घेऊ, कारण तो मूर्खांचा नाही. त्याचे आधार तीन. पहिला असा की, अभिनय म्हणजे परकायाप्रवेश. नटाने आपल्याच कुळातली माणसे रंगवायची ठरवली तर अभिनय उरतो कुठे? दुसरा, भूमिका गुणांवर मिळावी. संगीतिकेत तर गळा हाच मोठा गुण आणि गळ्याला रंग नसतो. तिसरा, ‘हॅमिल्टन’ या संगीतिकेत कृष्णवर्णीय नट जॉर्ज वॉशिंग्टन झाला की टाळ्या पडतात, मग गोऱ्या नटाने आशियाई पात्र केले की आरडाओरडा कशासाठी? मराठी वाचकाला यातला पहिला आधार तर घरचाच वाटेल. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व या पुरुषाला भामिनी आणि सिंधू म्हणून डोक्यावर घेणाऱ्या रंगभूमीचे आपण वारस. नटाच्या देहाची चौकशी आपल्याला कोतेपणाची वाटणारच.

माझे म्हणणे असे की, हे तिन्ही आधार पोकळ आहेत. अभिनय म्हणजे काय, हा या वादाचा विषय कधी नव्हताच. रंगमंचावर पाऊल कोणाला ठेवू द्यायचे, हा त्याचा खरा विषय आहे.

परकायाप्रवेशापासून सुरुवात करू. २७ डिसेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्कच्या झीगफेल्ड थिएटरात ‘शो बोट’चा पहिला प्रयोग झाला. अमेरिकन संगीतिकेचा इतिहास सांगताना हा दिवस टाळता येत नाही. त्या रात्री जो या हमालाच्या भूमिकेत जूल्स ब्लेडसो हा कृष्णवर्णीय गायक होता. त्याची बायको क्वीनी मात्र टेस गार्डेला या इटालियन वंशाच्या गोऱ्या बाईंनी केली होती, तोंडाला काळा रंग फासून. त्याच मंचावर कृष्णवर्णीय गायिका समूहात उभ्या होत्या. आणि नाटकाचे कथानक काय? नावेवरच्या नाटक कंपनीतली ज्यूली ही नटी अंशतः कृष्णवर्णीय असल्याचे उघडकीस येते आणि तिला कंपनी सोडावी लागते! रंगामुळे मंचावरून बाहेर पडणाऱ्या बाईची गोष्ट सांगणाऱ्या मंडळींना आपल्या शेजारची क्वीनी खटकली नाही. परकायाप्रवेशाची मुभा त्या रात्री एकाच बाजूला होती. गोरी नटी काळी होऊ शकत होती. समूहातल्या एखादीने नायिका मॅग्नोलिया व्हावे, हे कोणाच्या मनातही येणे शक्य नव्हते.

दुसरे उदाहरण अधिक गाजलेले. ‘मिस सायगॉन’ सप्टेंबर १९८९ मध्ये लंडनला रंगमंचावर आले. त्यात एंजिनियर नावाचा एक दलाल आहे, अर्धा फ्रेंच आणि अर्धा व्हिएतनामी. ही भूमिका जोनाथन प्राइस या वेल्श नटाने केली, आणि सुरुवातीच्या प्रयोगांत डोळ्यांचा आकार बदलण्यासाठी पापण्यांवर कृत्रिम पट्ट्या चिकटवून व कातडीला पिंगट रंग लावून केली. नाटक ब्रॉडवेवर न्यायचे ठरले तेव्हा नाटककार डेव्हिड हेन्री ह्वांग आणि नट बी. डी. वाँग यांनी हरकत घेतली. अ‍ॅक्टर्स इक्विटी या नटसंघटनेने ऑगस्ट १९९० मध्ये प्राइसला परवानगी नाकारली. निर्माते कॅमेरॉन मॅकिंटॉश यांनी अख्खे नाटकच रद्द केल्याची घोषणा केली. आगाऊ तिकीटविक्री अडीच कोटी डॉलरच्या घरात गेली होती. थोड्याच दिवसांत संघटनेने निर्णय फिरवला, एप्रिल १९९१ मध्ये नाटक ब्रॉडवेवर लागले आणि प्राइसला टोनी मिळाले.

प्राइसचे समर्थक म्हणत, पात्र अर्धे युरोपीय आहे, मग युरोपीय नटाने ते केले तर बिघडले कुठे? मान्य करू. मग पापण्यांवरच्या त्या पट्ट्या कशाला होत्या? अभिनयाच्या बळावर इतका भरवसा होता तर प्राइसने स्वतःच्या डोळ्यांनीच एंजिनियर उभा करायचा होता. पात्राचा वंश प्रेक्षकाला दिसलाच पाहिजे, ही निकड निर्मात्यांनाच वाटत होती. त्यांना वंश हवा होता, त्या वंशाचा माणूस नको होता. ‘नटाला वंश नसतो’ हा सिद्धान्त लंडनच्या रंगभूषेच्या खोलीतच निकालात निघाला होता. पुढे न्यूयॉर्कला प्राइसने त्या पट्ट्या लावल्या नाहीत, आणि त्यावाचून भूमिकेचे काही अडलेही नाही.

आता गुणवत्ता. त्या वादात निर्मात्यांच्या बाजूने सांगण्यात आले की पंचेचाळीस ते पन्नास वयाचा, अभिजात नाटकांचा अनुभव असलेला आणि आंतरराष्ट्रीय नाव कमावलेला आशियाई नट असता तर तो आम्ही नक्की शोधून काढला असता. ही अट शांतपणे वाचावी. अभिजात नाटकांत आशियाई नटाला भूमिका देत नव्हते कोण? हीच नाट्यसृष्टी. नाव कशाने होते? मोठ्या भूमिकांनी. व्लादिवोस्तोकला जन्मलेला युल ब्रिनर ‘द किंग अँड आय’मध्ये सयामचा राजा म्हणून ४,६२५ वेळा उभा राहिला. ब्रिनर थोर नट होता, याबद्दल दुमत नाही. पण तेवढ्या प्रयोगांत जे नाव आणि जो अनुभव गाठीशी बांधता येतो, तो ज्यांच्या वाट्याला आलाच नाही त्यांना पुढच्या भूमिकेच्या वेळी ‘तुमच्याकडे अनुभव नाही’ असे सांगायचे, याला गुणवत्तेचा निकष म्हणत नाहीत. विहिरीवर येऊ द्यायचे नाही आणि मग तुमची घागर कोरडी का म्हणून विचारायचे, असा हा प्रकार आहे.

बालगंधर्वांचा दाखला इथे हमखास पुढे केला जातो. तो पुरता पाहू. बालगंधर्वांची कला अस्सल होती आणि त्या काळी स्त्रियांना रंगभूमीवर मज्जाव होता, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. पहिल्याने दुसऱ्याचे समर्थन होत नाही. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. खुद्द गंधर्व नाटक मंडळीतही पुढे गोहरबाई कर्नाटकी स्त्रीभूमिका करू लागल्या. स्त्रिया आल्या म्हणून मराठी रंगभूमीवरचा परकायाप्रवेश संपला, असे आज कोणी म्हणत नाही. संपली ती मक्तेदारी. ज्या दिवशी स्त्रीला पुरुषाइतक्याच सहजतेने कोणतीही भूमिका मिळू लागते, त्या दिवसानंतर पुरुषाने लुगडे नेसले तर ती कलेतली निवड असते. त्याआधी ती सक्ती असते, मग नट कितीही गोड गळ्याचा असो. आपल्याच रंगभूमीचा इतिहास पूर्वपक्षाच्या विरुद्ध साक्ष देतो.

तिसरा आधार ‘हॅमिल्टन’चा, दुटप्पीपणाच्या आरोपाचा. लिन-मॅन्युएल मिरांडा यांची ही संगीतिका ऑगस्ट २०१५ मध्ये ब्रॉडवेवर आली. वॉशिंग्टन झाला क्रिस्टोफर जॅक्सन, जेफरसन झाला डावीद डिग्ज, दोघेही कृष्णवर्णीय. मिरांडा स्वतः प्वेर्तो रिकन वंशाचे. मात्र इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज गोरा होता, जोनाथन ग्रॉफ. म्हणजे इथे वंशाकडे डोळेझाक झालेली नाही. बंडखोर कोणत्या रंगाचे आणि राजा कोणत्या रंगाचा, याला अर्थ आहे, आणि तो प्रेक्षकाने वाचावा अशीच योजना आहे. शिवाय या पात्रयोजनेने कोणाची वाट अडली? गोऱ्या नटांना वॉशिंग्टन आणि जेफरसन करायला दोनशे वर्षांची रंगभूमी मोकळी होती. ‘मिस सायगॉन’मध्ये मात्र एका गोऱ्या नटाला एंजिनियरची भूमिका मिळाली तेव्हा ज्यांच्यासाठी मोठ्या भूमिका मुळातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांची एक भूमिका गेली. दोन कृती वरवर उलटसुलट दिसल्या म्हणून त्या समान ठरत नाहीत.

आणि ‘हॅमिल्टन’चे समर्थन म्हणजे आंधळी भक्ती नव्हे. इतिहासाच्या अभ्यासक लायरा मॉन्तेरो यांनी २०१६ मध्ये घेतलेला आक्षेप खरा आहे: कृष्णवर्णीय नट गुलामांचे मालक रंगवतात आणि खुद्द गुलाम मात्र गोष्टीतून गायब होतात. लेखक इश्माएल रीड यांनी तर या संगीतिकेच्या विरोधात एक नाटकच लिहिले. नटाचा रंग मंचावर अर्थ निर्माण करतो, हे मान्य केल्यावरच असा आक्षेप घेता येतो. ‘नटाला वंश नसतो’ म्हणणाऱ्याला ‘हॅमिल्टन’ची स्तुतीही धड करता येत नाही आणि टीकाही नाही.

इथवर माझ्या बाजूला आलेल्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. ‘ज्याचे रक्त त्याचीच भूमिका’ हा सिद्धान्तही मला मान्य नाही. ‘मिस सायगॉन’मधली किम व्हिएतनामी आहे, ती केली फिलिपिन्सच्या लिया सालोंगाने, आणि तिलाही टोनी मिळाले. रक्ताचा मेळ हीच कसोटी असेल तर सालोंगावरही आक्षेप घ्यायला हवा होता. त्या मुद्द्यावर तो घेतला गेला नाही. विरोधकांना यात लबाडी दिसते. मला यात मागणीचे खरे स्वरूप दिसते. मागणी वंशावळ जुळवण्याची नव्हती, वाट मोकळी करण्याची होती. म्हणूनच १९९३ मध्ये हीच सालोंगा ‘ले मिझराब्ल’मध्ये एपोनीन ही फ्रेंच मुलगी झाली तेव्हा ते याच मागणीचे पुढचे पाऊल होते. रक्ताच्या कसोटीची थट्टा तर आंदोलनाचा अग्रणी असलेल्या ह्वांगनेच केली. त्याच्या २००७ च्या ‘यलो फेस’ या नाटकात त्याच्याच नावाच्या आद्याक्षरांचा एक नाटककार गैरसमजातून गोऱ्या नटाला आशियाई समजून भूमिका देतो आणि मग सारवासारव करता करता त्याच्या नाकी नऊ येतात.

दुसऱ्या टोकाला नाटककार ऑगस्ट विल्सन होते. जून १९९६ मध्ये प्रिन्स्टन येथे दिलेल्या भाषणात त्यांनी रंगाकडे न पाहता केलेल्या पात्रयोजनेवर झोड उठवली. गोऱ्यांच्या नाटकांत कृष्णवर्णीय नट बसवून समता येत नाही, कृष्णवर्णीयांची स्वतःची नाट्यगृहे उभी राहिली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. त्यांचा निष्कर्ष मला टोकाचा वाटतो, पण निदान अचूक होते: प्रेक्षकाचा डोळा आंधळा नसतो, आणि तो आंधळा असल्याचे सोंग आणले की जुनीच उतरंड शाबूत राहते.

मग वंशाची अट कुठेच घालू नये का? ‘पोर्गी अँड बेस’चे उदाहरण घ्या. गर्शविन बंधूंच्या या संगीतनाट्याचे प्रयोग कृष्णवर्णीय गायकांनीच करावेत, अशी अट त्यांच्या वारसांनी जपली आहे. आज ती वंशवादी वाटू शकते. ती आली कोणत्या काळातून, ते पाहा. पोर्गीची भूमिका तोंडाला काळे फासून करण्याची इच्छा अल जॉल्सन हा गोरा नट बाळगून होता. जॉर्ज गर्शविन यांनी १९३५ मध्ये ती टॉड डंकन या कृष्णवर्णीय गायकाला दिली. १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरात प्रयोग लागले तेव्हा तिथे कृष्णवर्णीयांना प्रेक्षक म्हणून प्रवेश नव्हता. डंकन आणि बेस झालेल्या अ‍ॅन ब्राउन यांनी सांगितले, आमचे लोक आत बसणार नसतील तर आम्ही गाणार नाही. व्यवस्थापनाला नमावे लागले. या पार्श्वभूमीवर ती अट म्हणजे संरक्षण होते. तिची दुसरी बाजूही आहे: आपल्याला ‘पोर्गी’साठीच बोलावतात, एरवी विचारत नाहीत, ही कृष्णवर्णीय गायकांची जुनी तक्रार आहे. म्हणजे अटही कायमची पवित्र नाही. तिने वाट खुली होते की बंद, हे काळाकाळाला तपासावे लागते.

हीच कसोटी यंत्रमानवालाही लावता येते. ‘मेबी हॅपी एंडिंग’च्या कर्त्यांचे म्हणणे असे की सर्व भूमिका आशियाई नटांना करता याव्यात अशा त्यांनी लिहिल्या, पण यंत्रमानव नेहमी आशियाईच असावेत असा हेतू नव्हता. हे प्रामाणिक म्हणणे आहे, आणि फेल्डमनने पापण्यांना काही चिकटवले नाही, हेही खरे. प्राइसच्या प्रकरणाइतके हे प्रकरण उघड अन्यायाचे नाही. तरीही ‘कोणीही करू शकतो’ हे तत्त्व संगीतिकेतील प्रमुख नटाचे टोनी पहिल्यांदाच आशियाई अमेरिकन नटाला मिळाल्याच्या पुढच्याच महिन्यात आठवावे, आणि गोऱ्या पात्रांच्या बाबतीत ते तितक्या तत्परतेने आठवू नये, एवढ्यावरून नाराजी रास्त ठरते.

जॉन जॉन ब्रिऑनेस हा फिलिपिनो नट १९८९ मध्ये लंडनच्या मूळ ‘मिस सायगॉन’च्या समूहात होता. तेव्हा तो विशीत होता. एंजिनियर त्याला कोणी देणारही नव्हते. ब्रॉडवेवर प्राइसनंतर ती भूमिका आशियाई वंशाच्या नटांकडे जाऊ लागली. २०१४ मध्ये लंडनला आणि २०१७ मध्ये ब्रॉडवेवर हे नाटक पुन्हा आले तेव्हा एंजिनियर होता ब्रिऑनेस. नट भूमिकांनी घडतो. ज्यांना भूमिकाच दिल्या नाहीत, त्यांच्यात नट सापडत नाही अशी तक्रार करण्याचा अधिकार त्या न देणाऱ्यांना नाही.