निर्णय कोणाचा?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात अंधांसाठी उठावाच्या अक्षरांत पुस्तके छापली जात. परंतु लिप्या अनेक. एक लिपी शिकलेल्याला दुसरीतील पुस्तक वाचता येत नसे. पुष्कळ हितचिंतकांचा ओढा रोमन अक्षरेच उठावदार करण्याकडे होता. कारण ती डोळसांना चटकन वाचता येत! बोटांनी वाचणाऱ्यांना मात्र क्वचितच विचारले जाई.

लंडनचे डॉ. टॉमस आर्मिटेज यांना दृष्टी अधू होत गेल्याने वैद्यकी सोडावी लागली होती. १८६८ साली त्यांनी काही अंध सहकाऱ्यांना घरी जमवून एक संस्था स्थापन केली. तिच्या कार्यकारी मंडळाचा सभासद अंध वा जवळजवळ अंध असावा, त्याला निदान तीन स्पर्शलिप्या अवगत असाव्यात आणि त्यांपैकी एकीतही त्याचा आर्थिक हितसंबंध नसावा, असा दंडक होता. यातील शेवटची अट मला विशेष मार्मिक वाटते. सर्व लिप्या चाचपून पाहून १८७० साली मंडळाने कौल दिला तो ब्रेलला. ती लिपी रचणारे लुई ब्रेल, तेही अंधच, १८५२ सालीच निवर्तले होते. पुढे १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमुळे आपली मराठीही त्याच सहा टिंबांत वाचली जाऊ लागली.

आर्मिटेज यांची संस्था कालांतराने रॉयल नॅशनल इन्स्टिट्यूट झाली. तिच्या नावातील 'अंधांसाठी' जाऊन तेथे 'अंधांची' येण्यास मात्र २००२ साल उजाडावे लागले.