काजळीपासून पिवळ्या सायीपर्यंत

मोटारीला विजेचे दिवे नव्हते तेव्हा अंधार पडू लागला की चालकाला खाली उतरून आधी पाणी शोधावं लागे. दिव्याच्या खालच्या डब्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि वरच्या टाकीत पाणी असे. चावी फिरवली की थेंब थेंब पाणी खड्यांवर पडायचं, ॲसिटिलीन वायू तयार व्हायचा आणि काडी ओढताच पांढरीशुभ्र ज्योत उभी राहायची. हे कार्बाइड स्वस्तात बनवण्याची रीत कॅनडाचे थॉमस विल्सन यांना १८९२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ॲल्युमिनियम मिळवण्याच्या खटपटीत, अचानक सापडली होती. उजेड उत्तम होता, पण त्याची फेड दुसऱ्या दिवशी सकाळी करावी लागे. डब्यात उरलेला उग्र वासाचा चुन्याचा चिखल खरवडायचा, बर्नरचं बारीक भोक तारेने मोकळं करायचं आणि काचेवर, आतल्या आरशावर धरलेली काजळी पुसून काढायची.

मुंबईत १८९८ मध्ये पहिल्या मोटारी आल्या, त्यांतल्या एकीचे मालक होते जमशेटजी टाटा. दिव्याची काच पुसणं हे काम मराठी घरांना नवं नव्हतं. तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेने घासून लखलखीत करायची, हा घरातल्या कुणा ना कुणाचा नेम असायचा. पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना काढला आणि १९१६ मध्ये कराडजवळ ओगलेवाडीचा कारखाना उभा राहिला. त्याचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे गावोगाव पोचला. आज त्याच तळेगावच्या शेजारी, चाकणच्या पट्ट्यात, मोटारींचे हेडलाइट बनतात.

हार्टफर्डच्या कोलंबिया या विद्युत मोटारीला १८९८ मध्येच विजेचे दिवे मिळत होते, पण खडबडीत रस्त्यांवर बल्बची नाजूक तार टिकत नसे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी स्टार्टर, इग्निशन आणि दिवे एकाच विद्युतयंत्रणेत गुंफले, तेव्हा कार्बाइडचे दिवस भरले. काजळी गेली. मालकाच्या हातातलं फडकं मात्र सुटलं नाही. बल्बमागचा रिफ्लेक्टर पितळेचा असे, त्यावर चांदीचा मुलामा. झाकणाच्या फटीतून दमट हवा आणि धूळ आत शिरे, चांदी काळवंडे आणि रस्त्यावरचा उजेड मंदावत जाई. मग दिवा उघडून मऊ चामड्याने रिफ्लेक्टर पुसायचा, तोही अगदी हलक्या हाताने, कारण प्रत्येक घासणीबरोबर थोडी चांदीही निघून जायची. फार चकचकीत ठेवू पाहणाऱ्याच्या दिव्यात लवकरच पितळ उघडं पडे. चमक आणण्याच्या नादात रक्षण करणारा थर गमावणं ही चूक हेडलाइटच्या इतिहासात पुन्हा एकदा, फार मोठ्या प्रमाणावर व्हायची होती.

ही कटकट मुळातून संपवली ती ‘सील्ड बीम’ने. १९४० च्या मॉडेलांपासून अमेरिकेतल्या मोटारींना हे दिवे लागले. पुढची भिंग-काच आणि मागचा काचेचाच, ॲल्युमिनियमचा थर दिलेला रिफ्लेक्टर एकमेकांना वितळवून जोडलेले. तार आत आणि हवा, धूळ, दमट वारा सगळं बाहेर. संपूर्ण दिवा म्हणजेच एक मोठा बल्ब होता. आकारही एकच ठरलेला, गोल आणि सात इंच व्यासाचा. तार तुटली की जुना काढून टाकायचा आणि कुठल्याही गावातल्या कुठल्याही दुकानातून नवा आणून बसवायचा. दहा वर्षं जुन्या मोटारीला नव्या मोटारीइतकाच स्वच्छ दिवा काही मिनिटांत मिळे. मालकाची इतकी काळजी वाहणारी दुसरी वस्तू मोटारीत क्वचितच झाली असेल.

पण अमेरिकेत हीच सोय पुढे बेडी बनली, कारण तिथल्या नियमांना दुसरा दिवा चालेना. युरोपात १९६२ मध्ये हॅलोजन बल्बचा दिवा आला आणि १९६७ मध्ये सित्रोएन डीएस या फ्रेंच मोटारीचे दिवे स्टिअरिंगबरोबर वळू लागले, तेही डौलदार काचेच्या आवरणाआड. अमेरिकी नियमांना दिव्यापुढे आवरण चालत नव्हतं, म्हणून जग्वार ई-टाइपसारख्या देखण्या मोटारीलाही त्याच वर्षी आपली काचेची झाकणं उतरवावी लागली.

महाराष्ट्राच्या रस्त्यांवर या काळात काचेचंच राज्य होतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी आणि तिचंच रूप असलेली मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, दोघींचे गोल दिवे जाड, रेघांच्या काचेचे होते. १९७१ च्या युद्धात शहरात ब्लॅकआउट असताना दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला गेला. पुढेही कितीतरी वर्षं समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून ट्रक आणि बसच्या दिव्यांवर काळा रंग असायचा. तो रंग नंतर ब्लेडने खरवडला तरी काचेला काही होत नसे. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. तिच्या पत्र्याला गंज चढला असेल, पण दिव्याची काच पिवळी पडली नाही.

पिवळेपणाची मुळं आहेत प्रयोगशाळेत. १९५३ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत हर्मान श्नेल यांनी पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लास्टिक तयार केलं. आठवडाभरातच अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या डॅनियल फॉक्स यांनाही, श्नेल यांचं काम ठाऊक नसताना, तेच हाती लागलं. फॉक्स विजेच्या तारांसाठी आवरण शोधत होते. भांड्यातला द्राव ढवळणीच्या दांड्याभोवती असा घट्ट झाला की तो गोळा फोडता येईना. पुढे हेच प्लास्टिक चंद्रावर गेलेल्या आर्मस्ट्राँग यांच्या शिरस्त्राणात होतं. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, हव्या त्या आकारात ओतता येणारं आणि दगड लागला तरी न तडकणारं. दोष दोनच होते. त्यावर ओरखडे सहज उठत आणि उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नसत.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर मोटार कमी इंधनात कशी धावेल याचाच ध्यास कारखान्यांना लागला होता. वारा कापत जाणारं नाक हवं, तर सपाट, उभे दिवे चालणार नव्हते. फोर्ड कंपनीने १९८१ मध्ये अमेरिकी सरकारकडे नियम बदलण्याची विनंती केली. १९८३ मध्ये परवानगी मिळाली आणि १९८४ चं मॉडेल असलेल्या लिंकन मार्क सेव्हनला बदलता येणाऱ्या बल्बचे, प्लास्टिकच्या आवरणाचे, मोटारीच्या अंगात मिसळून गेलेले दिवे लागले. युरोपनेही नव्वदच्या दशकात प्लास्टिकला दार उघडलं. भारतात त्याच दशकात आलेल्या नव्या गाड्यांमागोमाग ते रुळलं.

अमेरिकी नियमांत या प्लास्टिकची उन्हातली चाचणी आहे. फ्लोरिडाच्या दमट आणि ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात नमुने ठेवून ते तपासले जातात, पण तीनच वर्षं. भारतात खासगी गाडीची पहिली नोंदणीच पंधरा वर्षांसाठी होते. खरी गोम इथे आहे. सील्ड बीमने मालकाच्या हातून जे काम काढून घेतलं होतं ते प्लास्टिकने परत त्याच्या माथी मारलं आणि ही गोष्ट त्याला कुणी नीट सांगितली नाही. दिवे पिवळे पडले की मालकाला आपल्याच हेळसांडीची शरम वाटते. ती वाटण्याचं कारण नाही.

या उद्योगाचा एक धागा मराठवाड्यातही येऊन पोचला. चेक प्रदेशातल्या नोवी यिचिन गावात योसेफ रोटर यांनी १८७९ मध्ये घोडागाड्यांचे कंदील बनवायला सुरुवात केली होती. तोच कारखाना पुढे सरकारी ‘ऑटोपाल’ झाला, १९९३ मध्ये फोर्डकडे आणि नंतर फोर्डपासून वेगळ्या झालेल्या व्हिस्टिऑनकडे गेला. २०१२ मध्ये तो औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हॅरॉक कंपनीने विकत घेतला. २०२२ पर्यंत एका मराठी शहरातली कंपनी युरोपातल्या मोटारींना हेडलाइट पुरवत होती. त्या वर्षी हा विभाग प्लास्टिक ऑम्निअम या फ्रेंच कंपनीकडे गेला.

प्लास्टिक पिवळं पडतं म्हणजे नेमकं काय होतं? कारखान्यातून निघताना आवरणावर एक अतिशय पातळ, कडक, पारदर्शक लेप असतो. केसाच्या जाडीहूनही तो कितीतरी पातळ. किरण अडवण्याचं आणि ओरखडे टाळण्याचं सगळं काम त्याच्याकडे. वर्षानुवर्षांचं ऊन, रस्त्यावरची वाळू आणि कोरड्या फडक्याने पुसणं यांनी हा लेप आधी खरखरीत होतो, मग जागोजागी सुटतो. उघड्या पडलेल्या प्लास्टिकचे रेणू किरणांनी तुटतात, ऑक्सिजनशी जुळतात आणि पिवळसर रंग येतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे सावलीतल्या गाड्यांपेक्षा पुष्कळ आधी गाठतं.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये अशा दिव्यांची तपासणी केली. धुरकट, पिवळ्या दिव्यांतून नव्या दिव्यांच्या मानाने जेमतेम २० टक्के उजेड बाहेर पडत होता. घासून दुरुस्त केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांवर आला. धुरकट आवरण उजेड नुसता अडवत नाही, तो भलतीकडे फेकतो. रस्त्यावर अंधार राहतो आणि झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. यावर उपाय म्हणून जास्त वॉटचा बल्ब बसवणं फार घातक आहे. त्याने समोरच्याला आणखी त्रास होतो आणि आतली उष्णता वाढून रिफ्लेक्टरच जळतो.

घरगुती दुरुस्तीची सुरुवात टूथपेस्टपासून होते. तिच्यात बारीक घासणारी पूड असल्याने वरची साय निघते, दिवा उजळतो आणि काही आठवड्यांत पुन्हा मळकट होतो. डास पळवणारं, डीट असलेलं मलम लावण्याची टूमही आहे. ते प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतं, म्हणून क्षणभर सगळं स्वच्छ दिसतं आणि पुढे जास्तच बिघडतं. अलीकडे कपातून विद्रावकाची वाफ सोडून दिवे ‘नवे’ करून देतात. क्लोरोफॉर्मसारख्या द्रव्याची ती वाफ फुप्फुसांना अपायकारक आहे, अंगणात करून पाहण्याचा हा प्रकार नव्हे.

मुळापासून करायचं तर रीत रंगाऱ्यांची आहे. दिवा धुवायचा, भोवतालच्या रंगाला मास्किंग टेप लावायची. मग पाणी मारत मारत १००० नंबरचा वॉटर पेपर, नंतर २०००, नंतर ३०००. सुरुवातीला ओघळणारं पाणी पिवळट येतं, तो खराब झालेला जुना लेप असतो. पाणी पांढरं येऊ लागलं आणि सगळा दिवा एकसारखा दुधी दिसला की रबिंग कंपाउंडने पॉलिश. इथे दिवा आरशासारखा होतो आणि बहुतेक जण इथेच थांबतात. कंदिलाच्या काचेचं काम राखेने घासल्यावर संपत असे. या प्लास्टिकचं मात्र तिथून सुरू होतं, कारण घासताना उरलासुरला लेपही गेलेला असतो आणि प्लास्टिक उन्हाला पूर्ण उघडं असतं. त्याच दिवशी अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट पातळ हाताने मारला आणि धूळ न बसू देता वाळू दिला, तरच ही मेहनत टिकते.

आतून बाष्प धरत असेल तर दोष रबरी सीलचा आहे, तिथे बाहेरून घासून उपयोग नाही. आवरणाच्या आतल्या अंगाला बारीक चिरा दिसत असतील तर नवा दिवाच घ्यावा. पण बाहेरची साय असेल तर पावसाळ्याआधी वायपरची रबरं बदलताना दिवेही एकदा नीट पाहावेत आणि काम घरी करा की गॅरेजमध्ये, अतिनील थराशिवाय पॉलिश करू नये, करू देऊही नये.