विक्रिया-कोटी व वेगांक
विक्रियेचा वेग विक्रियकांच्या संहतींच्या ज्या घातांच्या प्रमाणात असतो, त्या घातांकांची बेरीज म्हणजे कोटी. प्रमाणाचा स्थिरांक म्हणजे वेगांक. ही कल्पना उसाच्या साखरेवरूनच निघाली. १८५० मध्ये व्हिल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञांनी अम्लयुक्त विद्रावातील साखरेचे जलीय विच्छेदन ध्रुवणमापकाने अभ्यासले व वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, असे दाखविले. पाणीही त्यात भाग घेते. पण ते विपुल असल्याने कोटी प्रथमच दिसते. हे मूलगामी कार्य ऑस्टव्हाल्ट यांनी १८८४ मध्ये निदर्शनास आणीपर्यंत उपेक्षित राहिले. १८८९ मध्ये अऱ्हेनियस यांनी याच विक्रियेच्या आधारे वेगांक व तापमान यांचे सूत्र मांडले. अहमदपूर (जि. लातूर) परिसरात तोडलेला ऊस उन्हात पडून राहिल्यास साखर घटते, ती मुख्यतः याच विच्छेदनाने, मात्र तेथे एंझाइमे व सूक्ष्मजंतू कारणीभूत असल्याने एकच वेगांक पुरत नाही. विलंबाचे नुकसान शेतकऱ्यास वजनात, तर कारखान्यास उताऱ्यात सोसावे लागते.