साठ तक्त्यांचा कित्ता

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना कित्ता म्हणजे काय, ते सांगायला नको. पण व्हिन्सेंट व्हॅन गॉगनेही कित्ता गिरवला होता, हे सांगितले की पुष्कळांना नवल वाटते. आपल्या कानांवर त्याच्या वेडाच्याच गोष्टी जास्त आलेल्या!

साल १८८०. बेल्जियममधील बोरिनाज हा कोळसाखाणींचा मुलूख. चित्रविक्रीच्या दुकानातली नोकरी गेलेली, धर्मप्रचारकाचे कामही सुटलेले. अशा वेळी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हा गृहस्थ चित्रकार व्हायचे ठरवतो. पुढे त्याचा खर्च चालला तो धाकट्या भावाच्या, थिओच्या पैशांवर. खाणकामगाराच्या घरातल्या लहानशा खोलीत त्याने शार्ल बार्गचे धडे पुढ्यात घेतले. मानवाकृतींचे साठ तक्ते, कोळशाने काढायचे. ते पुरे केले आणि पुढच्या वर्षी आईवडिलांकडे एटनला गेल्यावर पुन्हा काढले. १८८२ मध्ये हेगला त्याने दोरे ताणलेली एक चौकट करवून घेतली. तिच्यातून पाहिले, की लांबचे-जवळचे प्रमाण कागदावर उतरवणे सोपे जाई. अँटवर्पच्या अकादमीत मात्र तो फार टिकला नाही.

मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे. १८९० च्या जूनमध्ये, ‘सूर्यफुले’ रंगवून झाल्यावर, त्याने थिओकडे बार्गचे तेच तक्ते मागितले. मानवाकृतीच्या प्रमाणावरची पकड सुटू नये, म्हणून सगळे साठ पुन्हा काढायचे होते.

२९ जुलैला तो गेला.