पुस्तकबंदी आणि सीमाभागातील वाचक

बेळगाव-निपाणी भागात आपण राहतो कर्नाटकात. आपली बरीचशी मराठी पुस्तके मात्र कोल्हापूर-पुण्याहून येतात. मग महाराष्ट्राने एखाद्या पुस्तकावर बंदी घातली, तर ती आपल्याला लागू होते का? सभासदांना उपयोगी पडेल म्हणून याविषयीची माहिती येथे देत आहोत.

पार्श्वभूमी : बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे. त्या काळी हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. वि. दा. सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर १९०९ मध्ये इंग्रज सरकारने घातलेली बंदी उठायला १९४६ उजाडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदलले, तरी पुस्तके जप्त करण्याचा सरकारचा अधिकार कायद्यात राहिला.

कायदा : फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९५ (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९८) राज्य सरकारला हा अधिकार देते. समाजांत तेढ पसरवणे, हेतुपुरस्सर धर्मभावना दुखावणे, अश्लीलता अशी ठरावीक कारणेच चालतात आणि आदेशात ती नमूद करावी लागतात. आदेश एका राज्याचा असला, तरी प्रती भारतात कुठेही जप्त करता येतात. म्हणजेच सीमेमुळे आपण त्यातून सुटत नाही.

दाद : ज्याचा पुस्तकाशी हितसंबंध आहे, अशी कोणतीही व्यक्ती राजपत्रातील प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाऊ शकते. उच्च न्यायालयात तीन किंवा अधिक न्यायाधीश असल्यास तिघांचे विशेष पीठ सुनावणी करते.

दोन निकाल : जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. पुढे महाराष्ट्र सरकारने पुस्तकावर बंदी घातली. संघराज रुपवते, आनंद पटवर्धन आदींनी तिला आव्हान दिले. ते त्या पुस्तकाचे लेखकही नव्हते, प्रकाशकही नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये जप्तीचा आदेश रद्द केला व २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. उलट, पी. व्ही. नारायण यांच्या ‘धर्मकारण’ या कन्नड कादंबरीवरील कर्नाटक सरकारची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच वैध ठरवली. न्यायालय प्रत्येक पुस्तकाचा स्वतंत्र विचार करते, हे यावरून दिसते.

वाचनालयांसाठी : कोणी फोन केला, जमाव आला किंवा निषेधाचे पत्रक निघाले, म्हणून कायद्याने बंदी होत नाही. पुस्तक कपाटातून काढण्याआधी राजपत्रातील आदेश मागावा, त्यातील कारण वाचावे आणि तारीख टिपून ठेवावी. या कलमाखाली जागेची झडती घ्यायची, तर दंडाधिकाऱ्यांचे वॉरंट लागते.

एखादे पुस्तक आपल्याला पटणार नाही, रागही येईल. तरीही ते गुपचूप काढून टाकले, तर दाद मागायला आदेशच उरत नाही आणि पुढच्या वाचकाला ते पुस्तक होते हेही कळत नाही. म्हणून वाचनालय चालवणाऱ्या सभासदांनी ही माहिती जवळ ठेवावी, ही विनंती.