न दिलेले परत करणे : गुरिंजी बांधवांचा भूमिलढा



विहारात आपण पंचशील घेतो. न दिलेली वस्तू घेणार नाही, अशी दुसऱ्या शीलात प्रतिज्ञा आहे. पण जे आधीच हिसकावून घेतले गेले, त्याचे काय? ऑस्ट्रेलियातील गुरिंजी या आदिवासी समाजाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

इंग्रजांनी 1788 साली ऑस्ट्रेलियात वसाहत केली. तेथे हजारो वर्षांपासून मूळनिवासी राहत होते. तरीही ही भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, असे धरून राज्य चालले. गुरिंजींच्या मुलखात वेव्ह हिल नावाचे गुरांचे प्रचंड कुरण उभे राहिले व पुढे ते व्हेस्टी या इंग्रज कंपनीकडे गेले. ज्यांची जमीन, तेच तेथे गुराखी झाले! मोबदला काय, तर पीठ, मीठ लावलेले मांस, चहा-साखर आणि नावापुरती मजुरी. आपल्या वाडवडिलांनी गावकीची कामे करून शिळ्या भाकरीवर दिवस काढले, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

23 ऑगस्ट 1966 रोजी विन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 200 स्त्री-पुरुष मुलाबाळांसह कुरण सोडून चालते झाले. लोकांना वाटले, हा पगाराचा संप आहे. पण 1967 साली त्यांनी गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला, त्यात मागणी जमिनीची होती. अर्ज फेटाळला गेला. तरी ते हटले नाहीत. डागुरागु येथे वस्ती करून ते वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले.

अखेर 16 ऑगस्ट 1975 रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम स्वतः तेथे गेले. त्यांनी तिथली माती उचलून लिंगियारींच्या हातात ओतली. मात्र हातात आलेला कागद भाडेपट्ट्याचा होता, सुमारे 3,200 चौरस किलोमीटरचा. 1976 साली नॉर्दर्न टेरिटरीसाठी आदिवासी भूमिहक्क कायदा झाला आणि पक्की मालकी मिळायला 1986 साल उजाडले. दोन वर्षांनी, 1988 मध्ये लिंगियारी वारले. वेव्ह हिल कुरणावरचा परंपरागत हक्क तर न्यायालयाने 2020 साली मान्य केला. म्हणजे समारंभ एका दिवसाचा, पण कागदाची लढाई पिढ्यान्‌पिढ्यांची!

आपली गोष्ट तंतोतंत तशी नाही. ते मूळ मालकीचा हक्क सांगत होते. आपल्या हाडकी-हाडवळ्याला मात्र गावकीच्या चाकरीचा फास होता. तो तोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतनाचे बिल मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने ती वतने रद्द झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तेव्हा आपल्या माय-बहिणीही तुरुंगात गेल्या. चाकरी गेली, पण जमीन किती जणांच्या नावावर राहिली, हे ज्याने त्याने आपल्या घरचा सातबारा काढून पाहावे.

यातून एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. दान आपल्या मालकीच्या वस्तूचे करायचे असते. हिसकावलेली जमीन परत करणे हे दान नव्हे, ती चुकीची दुरुस्ती आहे. म्हणून घेणाऱ्याने मान खाली घालायचे कारण नाही आणि देणाऱ्याने उपकाराची भाषा करू नये. माती हातात पडल्यावर लिंगियारींनी सूडाची भाषा केली नाही, आता आपण मित्र म्हणून राहू, अशा अर्थाचे ते बोलले. आधी न्याय, मग मैत्री. हक्क नाकारून नुसते 'झाले गेले विसरा' म्हणणे ही मैत्री नव्हे.

तरुणांनी एवढे करावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे, आपली जमीन कुठे होती, कशी गेली, हे विचारून लिहून काढावे. ती माणसे गेली की इतिहासही जाईल.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!