विंचवरचे तीन वेढे

घर्षण म्हणजे ऊर्जेचा अपव्यय, असा समज शाळेत सहज रुजतो. शिडाच्या नौकेवर मात्र घर्षणच माणसाचे हात वाचवते. वाऱ्याने फुगलेले शीड आपला दोर शेकडो किलोग्रॅम भाराने ओढत असते. तोच दोर विंचच्या उभ्या ड्रमवर तीन-चार वेढे देऊन एका हाताने धरता येतो.

ही युक्ती खलाशांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. तिचे गणित मात्र १८ व्या शतकात लिओनार्ड ऑयलर (१७०७–१७८३) यांनी मांडले. प्रशियातील अभियंते योहान आयटेलवाइन यांनी १८०८ च्या आपल्या ग्रंथात ते अभियंत्यांपर्यंत पोहोचवले. आज हे सूत्र दोघांच्या नावाने ओळखले जाते.

सूत्राचा आशय असा : वेढे बेरजेने वाढतात, पकड गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.२ असेल, तर एका वेढ्याने दोन टोकांच्या ताणांचे गुणोत्तर सुमारे ३.५ होते, दोन वेढ्यांनी १२ आणि तिसऱ्याने ४३. म्हणजे २०० किलोग्रॅमचा भार हाताला जेमतेम ५ किलोग्रॅमचा वाटतो. ड्रमचा व्यास या सूत्रात येतच नाही!

पण धरणे वेगळे आणि ओढणे वेगळे. ओढण्यासाठी तरफ आणि दंतचक्रे लागतात. १९०३ च्या अमेरिकाज् कप शर्यतीसाठी नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी 'रिलायन्स' ही नौका बांधली. तिचे शीडक्षेत्र सुमारे १,५०० चौरस मीटर होते. त्यांनी विंच डेकखाली बसवल्या. तरीही नौकेवर ६० हून अधिक माणसे लागत. ही शर्यत 'रिलायन्स'ने जिंकली. आजच्या विंचमध्ये २५ सेंटिमीटरचा दांडा, पावणेचार सेंटिमीटर त्रिज्येचा ड्रम आणि सहापट दंतचक्रे असतील, तर घर्षणातील घट वगळता बळ ४० पट होते. येथे मात्र व्यास महत्त्वाचा ठरतो.

मग जुनी विंच बदलायची कधी? वर्षानुवर्षे दोर घासून ड्रमचा खरखरीतपणा जातो. समजा, घर्षणांक ०.२ वरून ०.१ झाला. तीन वेढ्यांची पकड निम्मी होईल, असे विद्यार्थी म्हणतील. प्रत्यक्षात ४३ चे वर्गमूळ उरते, सुमारे ६.६. हातावर ५ ऐवजी ३० किलोग्रॅम येतात. दोर अचानक सुटला तर बोटे ड्रमकडे खेचली जातात.

नवी विंच बसवतानाही बलांचा विचार करावा लागतो. हाताला न जाणवणारा भार नाहीसा होत नाही. तो बोल्टांवाटे डेकवर जातो. म्हणून डेकखाली रुंद, भक्कम पट्टी देतात. दोर ड्रमवर किंचित खालून यावा लागतो, म्हणजे वेढे एकावर एक न चढता वर सरकतात. वेढा वेढ्यावर चढला की ताणाखाली दोर अडकतो आणि शीड सोडता येत नाही.

हे वर्गात पडताळता येईल. आडव्या, घट्ट बसवलेल्या गुळगुळीत दांड्यावरून दोरा टाका. एका टोकाला वजन बांधा, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग-काटा लावा. वजन अगदी सावकाश खाली येऊ देत काट्यावरील आकडा वाचा. प्रथम अर्धा वेढा, मग दीड, मग अडीच. दर वेळी आकडा साधारण त्याच पटीने कमी होतो का, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या. मग दांड्याला थोडे तेल लावून प्रयोग पुन्हा करा.